दाखल्याच्या एका पानावर तीन संस्था

प्रश्न विट्याजवळच्या एका गावातून आलाय. विचारणारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती लिहिते, "मॅडम, कुटुंब, धर्म आणि शिक्षण या सामाजिक संस्थांवरचे प्रकार्यवादी, संघर्षवादी आणि आंतरक्रियावादी दृष्टिकोन पाठ झालेत. पण ज्याचं वाचावं तोच खरा वाटतो. मग बरोबर कोणता? आणि हे आमच्या गावाला लागू होतं, की परीक्षेपुरतंच असतं?"

अगं, तिन्ही खरे वाटतात ही तुझी अडचण असेल तर तू बरीच पुढं आलीस. ज्याला एकच खरा वाटतो त्यानं बहुतेक वेळा बाकीचे दोन वाचलेलेच नसतात. मी कराडच्या एका कॉलेजात ३१ वर्षं हा विषय शिकवला. सुरुवातीला मीही फळ्यावर तीन रकाने आखायचे, प्रत्येकात चार-चार मुद्दे भरायचे आणि तास संपता संपता 'तिन्हींचा समन्वय आवश्यक आहे' असं म्हणून मोकळी व्हायचे. समन्वय हा शब्द उत्तरपत्रिकेत शोभून दिसतो, पण त्यानं कुणाला काही जास्तीचं कळतं असं नाही.

तेव्हा पुस्तक मिट आणि घरातली कागदपत्रांची पिशवी काढ. कापडदुकानाची जुनी पिशवी असते बघ, सातबारा, रेशनकार्ड, सोसायटीच्या पावत्या असं सगळं कोंबलेली. त्यात आजोबांचा नाहीतर वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडेल. तो समोर ठेव.

पहिली ओळ नावाची. पोराचं नाव, मधे बापाचं, शेवटी आडनाव. पोरगं अजून वर्गात बसलेलं नाही, पण त्याचं घराणं रजिस्टरात जाऊन बसलंय. खाली धर्म आणि जात. त्याच्या खाली जन्मतारीख, आणि ती १ जून असण्याची शक्यता फार मोठी. आपल्याकडं साठीच्या पुढच्या माणसांत १ जूनला जन्मलेल्यांचा सुकाळ आहे. खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नसायची. 'दुष्काळाच्या साली', 'शेंगा काढायच्या टायमाला' एवढीच नोंद आईच्या डोक्यात. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी झाली असं धरायचे, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख १ जून. पुढं त्याच तारखेवर नोकरी लागली, त्याच तारखेवर पेन्शन बसली. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि एस.टी.च्या डेपोत ३१ मेला सेवानिवृत्तीचे इतके सत्कार का असतात, याचं उत्तर त्या कानात आहे.

सामाजिक संस्था म्हणजे काय हे मला व्याख्येपेक्षा या तारखेनं जास्त समजावता येतं. हात कानाला लागला ही एका सकाळची गोष्ट. ती सगळ्यांनी खरी धरली, सरकारनं धरली, खुद्द त्या माणसानंही धरली, आणि तो त्या दिवशी वाढदिवस करायला लागला. एवढं झालं की संस्था कामाला लागली म्हणायचं. आपल्या भागात हा शब्द जरा घोटाळा करतो. साताऱ्यात 'तो संस्थेत आहे' म्हटलं की शिक्षणसंस्थेत नोकरीला, एवढाच अर्थ. शिवाय दूधसंस्था, पतसंस्था. इमारत, चेअरमन, शिक्का असला की ती संस्था. समाजशास्त्रातली संस्था तशी नाही. तिला शिक्का नसतो, पण मधल्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं हे विचारावं लागत नाही, हात आपोआप चालतो. तो आपोआपपणा म्हणजे संस्था.

आता तीन दृष्टिकोन. ते तीन उत्तरं नाहीत, तीन प्रश्न आहेत. प्रकार्यवादी विचारतो, ही रीत इतकी वर्षं टिकलीय तर तिनं समाजाचं कोणतं काम होतं? संघर्षवादी विचारतो, या रीतीनं कुणाच्या पदरात पडतं आणि कुणाच्या पदरातून जातं? आंतरक्रियावादी विचारतो, माणसं रोजच्या बोलण्यातून, हाकेतून, हावभावातून ही रीत पुन्हापुन्हा उभी कशी करतात? यातला बरोबर कोणता असं विचारणं म्हणजे तलाठ्याकडं जाऊन 'भाऊसाहेब, सातबारा बरोबर की नकाशा?' असं विचारण्यासारखं आहे. जमीन कुणाच्या नावावर ते सातबारा सांगतो, ती कुठून कुठवर ते नकाशा सांगतो. भांडण लागलं की दोन्ही काढावे लागतात.

कुटुंबापासून सुरुवात करू. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू खानापूर तालुक्याची आहेस.

तुमच्याच तालुक्यातल्या एका गावात आम्ही मुलांना घेऊन पाहणी केली होती. छापील फॉर्म, त्यात 'कुटुंबाचा प्रकार' आणि पुढं दोन चौकटी, संयुक्त आणि विभक्त. एका घरी म्हातारी सोप्यात शेंगा फोडत बसलेली. आमच्या पोरानं विचारलं, "आजी, तुम्ही एकत्र राहता का वेगळं?" म्हातारीनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "चुली चार हायत, देव एकच हाय. तू कशाचं इचारतोस?" पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी फॉर्मकडं.

तिचा थोरला मुलगा तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायच्या, दुकानात, दुसऱ्याचं तसंच दुकान उत्तरेत कुठंतरी, तिसरा नवी मुंबईत माथाडी, धाकटा गावी शेती बघणारा. रेशनकार्डं चार. म्हणजे पुरवठा खात्याच्या हिशेबानं चार कुटुंबं. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक, म्हणजे तलाठ्याच्या हिशेबानं एक. जत्रेची पट्टी, म्हणजे वर्गणी, घरटी काढतात, ती धाकटा एकच भरायचा. पण थोरल्यानं दुकान वाढवल्यावर जत्रा कमिटीनं त्याची पट्टी वेगळी मागितली आणि त्यावरून म्हातारी दोन दिवस जेवली नव्हती. पैसे देण्याला तिची ना नव्हती. पट्टी वेगळी झाली म्हणजे घर फुटलं असं चारचौघांत ठरलं, हे तिला लागलं होतं.

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ साली नात्यांच्या रचनेवर लिहिताना एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि एकमेकांशी नातं. म्हातारीच्या घराला यातल्या पहिल्या दोन लागू नाहीत, पुढच्या तीन लागू आहेत. मग चौकट कोणती भरायची? आय. पी. देसाई या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातमध्ये महुवा गावात काम करताना हेच धरून ठेवलं होतं, की छप्पर वेगळं झालं म्हणून एकत्रपण संपत नाही, देण्याघेण्याचे आणि कर्तव्याचे धागे बघा. ए. एम. शहांनी तर 'घर' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द वेगळेच वापरा म्हणून आग्रह धरला. 'एकत्र कुटुंबपद्धती लोप पावत आहे' हे वाक्य तू उत्तरात लिहिणार असशील तर आधी या म्हातारीला विचार.

पार्सन्स हा अमेरिकी प्रकार्यवादी म्हणायचा, की उद्योगप्रधान समाजाला लहान, सुटसुटीत कुटुंब सोयीचं पडतं. काम असेल तिकडं उठून जाता येतं. ऐकायला पटतं. पण गलाईचं बघ. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं देशभर गेली ती काय सुटी होऊन गेली? चुलत्यानं पुतण्याला नेलं, भट्टीपुढं बसवलं, काम शिकवलं, दोन-चार वर्षांनी शेजारच्या शहरात दुकान टाकून दिलं. त्यानं मेव्हण्याला नेलं. भांडवल भावकीचं, विश्वास भावकीचा, कारण सोन्याच्या धंद्यात परका माणूस भट्टीपुढं बसवता येत नाही. म्हणजे ही माणसं इतक्या लांब गेली ती कुटुंब लहान होतं म्हणून नव्हे, मोठं होतं म्हणून. पार्सन्सला हे दाखवायला पाहिजे होतं.

मर्डॉक या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये २५० समाजांची माहिती जुळवून कुटुंबाची चार कामं सांगितली: लैंगिक, प्रजननाचं, आर्थिक आणि मुलांना वळण लावण्याचं. ती तुला पाठ असणारच. आर्थिक कामाचं उदाहरण म्हणून पुस्तकात शेतकरी कुटुंब देतात. तू ऊसतोडीचं दे. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादम सांगतो, "माझ्याकडं वीस कोयते आहेत," म्हणजे वीस जोडपी. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. लग्न, संसार, मजुरी हे तिन्ही एका अवजाराच्या नावात येऊन बसलेत. प्रकार्यवादी म्हणेल, बघा, कुटुंब कसं उत्पादनाचं एकक आहे. संघर्षवादी तिथंच विचारेल, की उचल कुणाच्या हातात पडते? कोयता दोघांचा, अंगठा एकाचा. शिवाय बाईनं पहाटे उठून भाकरी थापल्या, दिवसभर मोळ्या वाहिल्या, रात्री पोरं निजवली, त्यातलं कोयत्यात धरलं किती? आणि कोयता पुरा व्हावा म्हणून पोराचं लग्न वयाच्या आधी उरकलं, तर ते लग्न घरानं ठरवलं की कारखान्याच्या हंगामानं? मार्क्सचा साथीदार एंगल्स, त्यानं १८८४ मध्ये कुटुंब आणि खासगी मालमत्ता यांची गाठ दाखवली होती. आपल्याकडं ती गाठ शोधायला लांब जायला नको.

मालमत्तेवरून हक्कसोड आठवलं. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की कायदा बदलला तेव्हा बाप हयात असो वा नसो, हक्क आहेच. कायदा एवढा स्वच्छ. आणि तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर जाऊन उभी राहा. बहिणी येतात, जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करतात, भाऊ साडी घेतो, एखादा सगळ्यांना मिसळ खायला नेतो. जबरदस्ती कुणी केली असं कुणी म्हणणार नाही. विचारलं तर बहीण सांगेल, "माहेर तुटायला नको." संघर्षवाद्याला यात फसवणूक दिसते आणि ती आहेच. पण आंतरक्रियावादी त्या साडीकडं बघतो. त्या साडीनं भाऊ काय सांगतोय आणि ती नेसून बहीण काय कबूल करतेय? जमिनीच्या बदल्यात साडी असा हिशेब कुणी तोंडानं मांडत नाही, मांडला तर नातं तुटेल. न मांडण्यातच ती रीत टिकून आहे.

धर्माकडं वळते. इथं विद्यार्थी हटकून एक चूक करतात: धर्म म्हणजे देव मानणं असं धरून चालतात. दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये देवावरून सुरुवातच केली नाही. त्यानं जगाचे दोन भाग धरले, पवित्र आणि लौकिक, आणि म्हटलं की पवित्र गोष्टींच्या भोवती ज्या समजुती आणि विधी एका समुदायाला बांधतात तो धर्म. वाईजवळ बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं, म्हणजे नवस बोललेल्या माणसाला उंच शिडाला बांधून नेणारा गाडा. होळीच्या रात्री भैरवनाथापुढं कौल लावून त्या वर्षीचा बगाड्या ठरतो. नवस अनेकांनी बोललेला असतो, कौल एकालाच मिळतो. कौल मिळाल्या क्षणापासून तो माणूस बदलतो. कालपर्यंत चहाच्या टपरीवर बसणारा, आज गाव त्याच्या पाया पडतं. उंच शिडाला बांधून घेतलेल्या त्याला घेऊन बैल सोनेश्वरापासून बगाड ओढत गावाकडं निघतात. दुर्खीमचं म्हणणं, की गर्दीत अंगावर येणारी ती शक्ती खरीच असते, माणसं खोटं बोलत नाहीत. फक्त ती शक्ती देवाची म्हणून ओळखतात आणि असते ती गावाची. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनामुळं बंदी असताना बगाड निघालं आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. मी त्या वेळी चिडले होते, आजही ते बरोबर होतं असं म्हणणार नाही. पण वर्गात उदाहरण देताना मला तेच द्यावं लागतं, कारण पवित्र या शब्दाचं वजन त्याहून स्वच्छ कुठं दिसत नाही.

मार्क्सचं 'धर्म ही अफूची गोळी' सगळ्यांना पाठ. त्याच ठिकाणी तो धर्माला पिचलेल्या जीवाचा उसासा म्हणतो, निष्ठुर जगाचं हृदय म्हणतो, ते मात्र गाईडात छापत नाहीत. त्या काळी अफू नशेसाठी होती तशी दुखण्यावरचं औषध म्हणूनही घरोघर वापरत. म्हणजे दुखणं आहे हे त्याला मान्य होतं. माणदेशातली बाई टँकरच्या रांगेत उभी राहून सिद्धनाथाला नवस बोलते, तेव्हा तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण नवसातलं मागणं ऐकावं. पाऊस, पोराची नोकरी, नवऱ्याची दारू. यातलं एकही मागणं खरं तर देवाच्या खात्यातलं नाही.

आता कडेगावचे ताबूत. मोहरममध्ये तुमच्या शेजारच्या या गावात गगनचुंबी ताबूत निघतात. इमाम हुसेनच्या शोकाचा विधी, आणि ताबूत बांधणाऱ्यांत आणि उचलणाऱ्यांत हिंदू घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ताबुतांच्या भेटी बघायला भोवतालची गावं लोटतात. वर्तमानपत्र दरवर्षी 'ऐक्याचे प्रतीक' म्हणून बातमी छापतं आणि प्रकार्यवादी उत्तर तिथंच संपतं. मला त्याहून मान कुणाचा, पहिला कोण, खांदा कोणत्या घराण्याचा, हे ठरवण्याची पद्धत जास्त बोलकी वाटते. धर्म दोन, पण मानपानाचं व्याकरण एकच, आणि ते घराण्यांवर चालतं. म्हणजे धर्माच्या आत पुन्हा कुटुंब बसलंय. म्हातारीनं 'देव एकच हाय' म्हणताना कुटुंबाच्या आत धर्म बसवला होता. परीक्षेत तीन संस्थांवर तीन स्वतंत्र प्रश्न येतात ही पेपर काढणाऱ्यांची सोय आहे.

शिक्षण. साताऱ्यात राहून या विषयावर बोलायचं तर दोन नावं टाळता येत नाहीत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, की वर्गात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. पार्सन्स म्हणतो शाळा हा घर आणि समाज यांच्यातला पूल आहे, घरात तुम्ही कुणाचे तरी मूल असता, शाळेत तुमची पारख तुमच्या कर्तबगारीवर होते. साताऱ्याच्या त्या रजिस्टरानं पूल दिला हे खरं, कारण नाव दाखल झालं. त्याच शाळेतल्या गोणपाटानं पूल मधेच तोडला हेही तितकंच खरं. एकाच इमारतीत, एकाच तासाला. म्हणून मी म्हणते, दृष्टिकोन निवडायचा नसतो.

दुसरं नाव भाऊराव पाटलांचं. १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. साताऱ्याच्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत, स्वतः पाणी भरत, भाकरी करत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट इथं लहान पोरालाही ठाऊक असते. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीनं ती त्यागाची कथा म्हणून सोडून देऊ नये. मंगळसूत्र हे कुटुंब आणि धर्म या दोन्ही संस्थांचं चिन्ह. ते विकून तिसरी संस्था उभी राहिली. आणि त्या वसतिगृहातली चूल बघ. कर्व्यांच्या खुणांपैकी एक छप्पर आणि एक चूल इथं हजर आहे, नातं मात्र नाही. जातीनं जी पंगत तोडून ठेवली होती ती शाळेनं नव्हे, वसतिगृहातल्या स्वयंपाकानं जोडली. भाऊरावांना हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. नुसत्या वर्गात शेजारी बसवून पोरं घरी गेली असती तर घरानं संध्याकाळी परत वेगळी केली असती.

संघर्षवादी बाजू मात्र इथंही सोडायची नाही. बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं सांस्कृतिक भांडवल हा शब्द दिला. घरातून मिळालेली भाषा, रीत, पुस्तकांची ओळख हे भांडवलच. शाळा त्याला 'हुशारी' म्हणते आणि जणू ते पोराचं स्वतःचं असल्यासारखे मार्क देते. 'हाय' म्हणणाऱ्या पोराला 'आहे' म्हणायला शिकण्यात पहिली दोन वर्षं जातात. शेजारचं पोरगं 'आहे' घेऊनच जन्माला आलेलं असतं. माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी ज्या हायस्कुलात शिकले तिथं अ, ब, क तुकड्या होत्या. मी 'क'मध्ये होते. क तुकडीला गणिताचे सर उशिरा यायचे आणि आल्यावर म्हणायचे, "ढ पोरांनो, वह्या काढा." आम्ही काढायचो. वर्षभरात त्या हाकेला आम्ही ओ द्यायला लागलो होतो. सहामाहीत मला गणितात चांगले मार्क पडले, तर सरांनी आधी शेजारीणीची उत्तरपत्रिका तपासली. शिक्का मारणं हा सिद्धांत मी पुढं एम.ए.ला वाचला, पण त्याचा तास माझा आठवीतच झाला होता. आंतरक्रियावाद म्हणजे काही फार अवघड नाही बघ. एक अक्षर, रोज, सगळ्यांसमोर.

कोयत्यातली पोरं परत आठव. कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाळेचं वर्षही नेमकं त्याच महिन्यांत भरात असतं. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, चांगली माणसं त्यात राबली. तरी हजेरीपटावर ती पोरं वर्षातून दोनदा पुसट होतात. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात 'पालकांचे स्थलांतर' लिहितात. म्हणजे कारण पालकांत आहे. हंगाम कोण ठरवतं, दर कोण ठरवतं, हे लिहायला त्या रकान्यात जागा नसते.

आता तिन्ही संस्था एकत्र बघायच्या असतील तर साताऱ्यातलीच एक गोष्ट पुरेल. मुलींमागून मुली झाल्या की शेवटचीचं नाव 'नकुशा' नाहीतर 'नकोशी' ठेवायची रीत. नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो ही समजूत. मुलगा कशाला? वंशाला दिवा, चितेला अग्नी, जमिनीला वारस. समजूत धर्माची, गरज कुटुंबाची. पण त्या नावाला पक्कं केलं कुणी? शाळेच्या रजिस्टरानं. घरात तिला कदाचित सोनी म्हणत असतील. हजेरीला मात्र रोज सकाळी गुरुजींनी "नकुशा" म्हणायचं आणि तिनं "हजर" म्हणायचं. नकोशी, हजर. मला तर हे दोन शब्द एकापुढं एक आले की पुढं काही सांगवत नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींना शोधून समारंभात नवी नावं दिली. कितीतरी मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं. ज्या रजिस्टरानं नाव पक्कं केलं होतं त्यातच ते बदलून घ्यायचं, हा त्यातला मला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटला. नाव बदलून मुलगी हवीशी होते का, हा संघर्षवाद्याचा प्रश्न तरीही उरतोच. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागं देशात ९२७ मुली होत्या, महाराष्ट्रात ९१३ आणि तुझ्या सांगली जिल्ह्यात ८५१. ऊस, द्राक्षं, हळद, साक्षरता, सगळं भरभरून असलेल्या जिल्ह्यात. शिक्षण वाढलं की समाज सुधारतो हे वाक्य लिहिताना या आकड्यापाशी थोडं थांबत जा. शिकलेल्या घरांना सोनोग्राफी परवडत होती.

दाखल्याचा मधला रकाना मात्र हलायला लागलाय. राज्य सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदपत्रांत नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. दुसरीकडं मराठा आरक्षणाच्या प्रश्नात २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी शाळांची शंभर-सव्वाशे वर्षांची जनरल रजिस्टरं उघडली जातायत, मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय. पणजोबांच्या वेळच्या गुरुजीनं जातीच्या रकान्यात काय लिहिलं यावर पणतूचा प्रवेश ठरायचाय. तो शब्द लिहिताना गुरुजींनी बापाला विचारलं असेल, की गावात सगळे म्हणतात तसं लिहिलं असेल? हाही कान आणि हाताचाच प्रकार.

परीक्षेचं म्हणशील तर व्याख्या, तीन उपशीर्षकं आणि विचारवंतांची नावं लिहायचीच. तपासणारा ती शोधतो आणि त्याच्याकडं गठ्ठा मोठा असतो. फक्त प्रत्येक उपशीर्षकाखाली अमेरिकेतलं उदाहरण काढून कोयता, कौल, ढ यातलं एक घाल. दोन ओळींत. जास्त लिहिलंस तर वेळ पुरणार नाही.

आणि एक काम. तू लिहिलंयस की तुझे दोन चुलते गलाईत बाहेर आहेत. यंदाच्या जत्रेला त्यांची पट्टी वेगळी भरली की तुमच्या घरातच धरली, ते आजीला विचार. वडिलांना नको, आजीलाच. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून पाठव.